वरचं खाणं सहा महिन्यांनीच का, आणि नुसतं डाळीचं पाणी का नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बाळ साडेचार महिन्यांचं, फक्त अंगावर पितं, वजन छान वाढतंय. सासूबाई म्हणतात, आता डाळीचं पाणी आणि पेज सुरू करू, पाचव्यात सगळेच करतात. जर्मनीतल्या नणंदेने तिच्या मुलीला पाचव्या महिन्यातच गाजर भरवलं होतं. तुमचे डॉक्टर सहा महिने काहीच नको म्हणतात. बाळ मात्र तुम्ही जेवताना टकमक बघतं, मुठी चोखतं, रात्री पुन्हा उठायला लागलंय. आणि महिन्याभरात तुम्हाला कामावर हजर व्हायचंय.

डॉक्टरांचं ऐका. सहा महिने पूर्ण, म्हणजे १८० दिवस. ‘सहावा लागला’ म्हणजे सहा महिने झाले असं नव्हे, तेव्हा पाचच पूर्ण झालेले असतात. आपल्याकडे या हिशेबात सर्रास एक महिना निसटतो, म्हणून जन्मतारीख घेऊन कॅलेंडरवर खूण करून ठेवा. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल तर हे गणित वेगळं असतं, ते तुमच्या डॉक्टरांनीच करायचं.

पण नणंदेचंही चुकलेलं नाही. जर्मनीत सल्लाच असा आहे की वरचं खाणं पाचव्या महिन्याच्या सुरुवातीआधी नको आणि सातव्याच्या सुरुवातीनंतर लांबवू नका. युरोपातल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना १७ आठवड्यांच्या आधी नको आणि २६ आठवड्यांच्या पुढे नको म्हणते. जागतिक आरोग्य संघटनाही आधी चार ते सहा महिने असंच सांगायची. २००१ पासून सहा महिने निव्वळ आईचं दूध, ही शिफारस झाली. यामागे मुख्य कारण जुलाब. बेलारूसमध्ये सहा महिने फक्त आईच्या दुधावर असलेल्या बाळांची तीन महिनेच तसं दूध मिळालेल्या बाळांशी तुलना झाली, तेव्हा पहिल्या गटात पोटाचे संसर्ग कमी दिसले. आता विचार करा, हा फरक जिथे पाण्याची आणि स्वच्छतेची सोय चांगली आहे तिथला. आपल्याकडे पावसाळ्यात टँकरचं किंवा विहिरीचं पाणी, सकाळी शिजवून दुपारपर्यंत ओट्यावर झाकून ठेवलेली पेज आणि पाजायला बाटली, हे सगळं एकत्र आलं की चार महिन्यांच्या पोटात काय जातं ते वेगळं सांगायला नको. म्हणून हाच सल्ला इथे जास्त ठामपणे द्यावा लागतो.

बाळ टक लावून बघतं, त्याचं काय? चार महिन्यांचं बाळ पंख्याकडेही तसंच बघतं. मुठी चोखणं, लाळ गळणं, रात्री उठणं ही सगळी या वयाचीच लक्षणं आहेत. भुकेचा त्यांच्याशी संबंध असेलच असं नाही, आणि पेज पाजल्याने बाळ रात्रभर झोपतं हेही खरं नाही. खरी तयारी वेगळी दिसते. मान अजिबात डगमगत नाही. कमरेला आधार दिला की बाळ ताठ बसतं. आणि तिसरी गोष्ट तुम्ही घरीच बघू शकता: स्वच्छ, रिकामा, छोटा चमचा खालच्या ओठावर टेकवा. साडेचार महिन्यांचं बाळ बहुतेक वेळा जिभेने तो बाहेर ढकलतं. हा नखरा नाही, घशात नको ते जाऊ नये म्हणून निसर्गाने दिलेली ती सोय आहे, आणि ती साधारण चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान मावळते. सहा महिन्यांनी तोच चमचा टेकवलात तर ओठ मिटतात, जीभ मागे जाते. दात आलेले असण्याची गरज नाही. हिरड्यांनी बाळ मऊ भात व्यवस्थित चघळतं.

दूध पुरतंय की नाही हे बाळाच्या रडण्यावरून ठरवू नका. दिवसाला सहा-सात वेळा शू होते, वजनाची रेघ कार्डावर चढती आहे, मग दूध पुरतंय. बाळसं धरलेल्या बाळाच्या आईलाही चौथ्या महिन्यात ‘दूध आटलं वाटतं’ असं कुणीतरी ऐकवतंच.

आता कामाचं. माझ्या मते आपल्याकडे वरचं खाणं लवकर सुरू होण्यामागे आजीबाईंपेक्षा रजेचा वाटा मोठा आहे. २०१७ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने २६ आठवडे रजा मिळते. २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस, कागदावर अगदी जुळतं. पण त्यातले आठ आठवडे बाळंतपणाआधी घेतले तर नंतर उरतात १८, म्हणजे चार महिने आणि थोडे दिवस. दोन मुलं असलेल्या बाईला पुढच्या बाळंतपणाला १२ आठवडेच. आणि ऊसतोडीला बीडहून निघालेल्या जोडप्यातल्या बाईला? तिचं तान्हं बाळ कोपीत मोठ्या बहिणीकडे असतं आणि त्याच्या हातात चहात बुडवलेलं बिस्कीट असतं. तिला ‘सहा महिने फक्त अंगावर’ सांगताना आधी पाळणाघराचं बोलावं लागतं.

तुमच्यापुरतं बोलायचं तर दूध काढून ठेवा. कामावर जायच्या दोन आठवडे आधीपासून रोज एकदा हाताने किंवा पंपाने दूध काढायची सवय करा. आपल्या हवेत काढलेलं दूध बाहेर चार तासांपेक्षा जास्त ठेवू नका, फ्रिजमध्ये २४ तासांत संपवा. उकळायचं नाही, मायक्रोवेव्हमध्ये घालायचं नाही. भांडं कोमट पाण्यात ठेवलं की पुरे. पाजायला वाटी-चमचा किंवा बोंडलं, बाटली नको. सासूबाईंना हे काम द्या. डाळीचं पाणी पाजायची त्यांची इच्छा ही बाळाच्या पोटात आपल्या हातचं काहीतरी जावं ही इच्छा आहे, आणि ती या मार्गानेही पुरी होते. जमलंच नाही आणि बाळाला खरोखर कमी पडतंय असं वजनावरून दिसलं, तर डॉक्टरांशी बोलून पुढचं ठरवा. तेव्हाही पेज हा पर्याय नाही.

मग सहा महिन्यांनी असं काय बदलतं? दोन गोष्टी, आणि मला दुसरीची जास्त काळजी वाटते. पहिली कॅलरींची. जन्मावेळचं वजन पाच महिन्यांच्या सुमारास दुप्पट होतं, वर्षाला तिप्पट. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाखेरीज दिवसाला साधारण २०० कॅलरी वरून लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत ३००, वर्षानंतर ५५०. दुसरी गोष्ट लोहाची. पोटात असताना, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, बाळ आईकडून लोह साठवून आणतं आणि तो साठा सहा महिन्यांच्या आसपास संपत येतो. आईच्या दुधात लोह फारच थोडं असतं. म्हणजे सातव्या महिन्यापासून बाळाला लागणारं जवळजवळ सगळं लोह तुमच्या वाटी-चमच्यातून यायला हवं, आणि नेमका तेव्हाच मेंदू झपाट्याने वाढत असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी ६७.१ टक्के मुलांमध्ये रक्त कमी निघालं. आणि सहा ते २३ महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी मुलं किती? ११.३ टक्के. हे फक्त गरीब घरांचं चित्र नाही. एसी दवाखान्यात गाडीतून येणारी बाळंही फिकी असतात.

याचं एक कारण डाळीचं पाणी. सहा महिने कुणी धीर धरतं, आणि मग तीन-तीन महिने निथळलेलं पाणी पाजत बसतं. ‘पचायला हलकं’ असं त्याचं कौतुक. हलकं असणारच, त्यात आहे काय? आईच्या दुधात १०० मिलीला ६५ ते ७० कॅलरी असतात, डाळीचं पाणी त्याच्या आसपासही पोचत नाही. सात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी साधारण २०० मिली मावतं. ती जागा पाण्याने भरलीत की बाळ पुढचं दूध कमी पितं, म्हणजे वरचं खाणं सुरू करून बाळाला मिळणारं अन्न तुम्ही कमी केलंत. डाळ खाली राहते ती घरातली मोठी माणसं आमटीत खातात, आणि बाळाला तिचं पाणी.

त्याऐवजी खिमट करा. दोन वाट्या तांदूळ, एक वाटी मूगडाळ, धुऊन, फडक्यावर सावलीत वाळवून, मंद आचेवर खमंग भाजून, मिक्सरवर रवाळ दळा. घट्ट झाकणाच्या डब्यात पंधरा दिवसांचंच करून ठेवा. एका वेळेला दोन मोठे चमचे पीठ गार पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवायचं, मग उकळत्या पाण्यात घालून सतत ढवळत शिजवायचं. उतरवल्यावर एक लहान चमचा साजूक तूप. पिठाच्या साधारण ७० कॅलरी, तुपाच्या ४५. एवढ्याशा वाटीत बाळाची निम्मी गरज भागली. आता परीक्षा अशी: चमच्यात घेऊन चमचा तिरपा करा. खिमट चमच्याला धरून राहिलं, सावकाश घसरलं तर बरोबर. धारेने गळलं तर ते पेय झालं, पुन्हा शिजत ठेवा. ज्यांच्याकडे आटवल किंवा गुरगुट्या भात करतात त्यांनी तोच करावा, वरणातली डाळ घोटून, वर तूप. वेगळं काही आणायची गरज नाही.

एक युक्ती जुन्या बायकांना ठाऊक होती आणि मला ती फार आवडते. नाचणी भिजवून, मोड आणून, उन्हात वाळवून, अगदी हलकी शेकून दळलेलं पीठ डब्यात ठेवा. खीर किंवा लापशी मुद्दाम घट्ट करा, आचेवरून उतरवून जरा निवू द्या आणि एक लहान चमचा हे पीठ घालून ढवळा. काही मिनिटांत ती घट्ट लापशी डोळ्यांदेखत सैल होते. मोड येताना धान्यात तयार झालेलं पाचक द्रव्य पिठाची लांब साखळी तोडतं. पाणी न वाढवता पातळपणा आला, म्हणजे कॅलरी तेवढ्याच आणि गिळायला सोपी. एक उकळी आणा आणि भरवा. पीठ खरपूस भाजलंत तर मात्र ते द्रव्य मरतं आणि ही जादू होत नाही. पांढरंशुभ्र, फडक्यातून गाळलेलं नाचणी सत्त्व हे यापेक्षा वेगळं. त्यातला कोंडा आणि बरंच काही फडक्यातच राहतं. आणि नाचणी कॅल्शियमसाठी उत्तम असली तरी तिच्यातलं लोह अंगी कमीच लागतं. ‘रोज नाचणी देतो, तरी रक्त कसं कमी?’ याचं उत्तर हेच.

लोहासाठी, मांसाहार करणाऱ्या घरांनी अंडं, चिकन, कलेजी, मासे वरचं खाणं सुरू केल्याच्या पहिल्या महिन्यापासूनच द्यावेत. पूर्ण शिजवलेलं अंडं, पिवळं आणि पांढरं दोन्ही. कलेजी वाफवून, किसून, भातात कालवून आठवड्यातून एकदा. किनारपट्टीवरच्या घरात मासा असतोच, काटा मात्र बोटांनी चाचपून काढायचा, नुसत्या नजरेवर विसंबायचं नाही. शाकाहारी घरांत डाळी, मोड आलेली कडधान्यं वाटून, पालेभाज्या बारीक चिरून वरणात, आणि वर लिंबाचे दोन थेंब, कारण आंबटाने लोह चांगलं शोषलं जातं. चहा उलटं काम करतो. चहा-बिस्कीट बाळाच्या तोंडी लागू देऊ नका, कौतुकानेही नाही. याशिवाय आशाताई किंवा उपकेंद्रातून लोहाचं सरबत मिळतं, सहा महिन्यांनंतर आठवड्यातून दोनदा एक मिली. शी काळी होते म्हणून लोक ते बंद करतात. काळी होऊ द्या. हे सगळं करूनही आई-आजी मला विचारतात की टॉनिक कुठलं देऊ, तेव्हा मी सरबताच्या बाटलीकडे बोट दाखवते.

शेंगदाण्याचं आणि अंड्याचं भय काढून टाका. ॲलर्जी होईल म्हणून उशिरा द्या, असं पूर्वी सांगत. २०१५ मध्ये लंडनच्या संशोधकांनी दाखवून दिलं की ज्यांना धोका जास्त अशा बाळांना पहिल्या वर्षातच शेंगदाणा दिला तर ॲलर्जी खूपच कमी होते. सुचलं कसं? इस्रायलमधली बाळं शेंगदाण्याचे कुरमुऱ्यांसारखे बाम्बा खात वाढतात आणि तिथे ही ॲलर्जी लंडनच्या ज्यू मुलांपेक्षा बरीच कमी. आपल्या घरी कूट असतंच. बारीक कूट खिमटात मिसळा. अख्खा दाणा मात्र मूल पाच वर्षांचं होईपर्यंत नाही. फुटाणे, लाह्या, कच्चं गाजर, अख्खी द्राक्षं यांनाही तोच नियम. श्वासनळीत अडकलेला दाणा काढायला भूल देऊन दुर्बीण घालावी लागते, आणि त्याआधीच्या तासाभरात घरच्यांची काय अवस्था होते ते मी पाहिलंय. उबळ येणं वेगळं: बाळ लाल होतं, खोकतं, आवाज करतं, घास पुढे येतो. तेव्हा शांत बसा, बोट घालू नका. आवाजच बंद झाला, ओठ निळे पडू लागले, तर ती उबळ नव्हे, घास श्वासनळीत अडकलाय, तेव्हा पालथं घेऊन दोन खांद्यांच्या मध्ये थापटायला लागतं. हे कसं करतात ते लसीकरणाच्या खेपेला डॉक्टरांकडून एकदा करून दाखवून घ्या.

वर्षापर्यंत मध नाही. त्यातून क्वचित येणारे जंतू बाळाच्या आतड्यात विष तयार करतात आणि बाळ लुळं पडतं. चाटणातला मधही त्यात आला. मीठ-साखर वर्षापर्यंत टाळा. तुम्हाला आळणी लागतं, त्याला लागत नाही, कारण त्याने दुसरं काही चाखलेलंच नाही. गाईचं दूध मुख्य दूध म्हणून वर्षाआधी नको, दही थोडं चालतं. बाजारच्या डब्यातलं सिरिअल विष नाही, बहुतेकांत लोह घातलेलं असतं, प्रवासात जरूर वापरा. फक्त मागच्या बाजूला साखर किती ते वाचा. दोन वर्षांच्या आतल्या बाळांसाठीच्या अन्नाच्या जाहिरातीला आपल्याकडे कायद्यानेच बंदी आहे, तेव्हा मोबाइलवर कुणी गोडबोली ताई डबा हातात घेऊन आली तर समजून घ्या.

उष्टावणाचं विचारलंत. मुलगी आहे, म्हणून विषम महिन्यात, पाचव्यात करायचं ठरतंय. करा ना. मामाच्या मांडीवर बसवा, अंगठीने खिरीचा ठिपका ओठाला लावा, फोटो काढा. रोजचं भरवणं १८० दिवसांनी. सुश्रुतानेही सहा महिन्यांच्या बाळाला हलकं आणि हितकर अन्न द्यावं असंच लिहिलंय, हे सासूबाईंना सांगून बघा. माझ्यापेक्षा त्याचं वजन पडतं.

किती आणि कसं, हे पटकन सांगते. सुरुवातीला दोन-तीन चमचे, दिवसातून दोनदा. नवा पदार्थ दोन-तीन दिवस एकच द्या, म्हणजे काही झालं तर कळतं. आठ महिन्यांपर्यंत अर्धी वाटी, दोन-तीन वेळा. नवव्या महिन्यापासून तीन-चार वेळा आणि मध्ये केळं किंवा उकडलेलं रताळं. अंगावर पाजणं दोन वर्षांपर्यंत चालूच. मिक्सर मात्र आठव्या महिन्यात कपाटात ठेवा. सुरुवातीला घोटलेलं, मग काट्याने कुस्करलेलं, नवव्या-दहाव्यापर्यंत गुठळ्या असलेलं, वर्षाला घरचं जेवण. गुठळ्या दहाव्या महिन्याच्या पुढे ढकलल्या की पुढे मूल चावायलाच नकार देऊ शकतं. दोन वर्षांचं मूल पोळी मिक्सरमधून काढून खातंय अशा तक्रारी दर आठवड्याला येतात. भरवताना मोबाइल नको, दाबून भरवणं नको. तोंड फिरवलं म्हणजे पोट भरलं. आज दोडका थुंकला तर चार दिवसांनी परत द्या, आठ-दहा वेळा दिल्यावर पुष्कळ मुलं तोच दोडका मागून खातात.

शेवटी एक गोष्ट, कारण ती माझ्या भागात वारंवार दिसते आणि घरच्यांच्या लक्षात येत नाही. आई शाकाहारी, दूध-दहीही बेताचं. बाळ आठ-नऊ महिन्यांचं, अजून अंगावरच, वरचं ‘घेतच नाही’. गुटगुटीत असतं, म्हणून सगळे निर्धास्त. पण रंग फिका, केस विरळ आणि तपकिरी, बोटांच्या पेरांवर काळसर डाग, आणि मुख्य म्हणजे आधी हसायचं, कुशीवर वळायचं, ते थांबलेलं. काहींचे हात थरथरतात. ही बी-१२ ची कमतरता, आईच्या अंगातच नसल्यामुळे दुधातून न आलेली. वेळेवर औषध दिलं की थोड्याच दिवसांत बाळ परत हसायला लागतं, उशीर झाला तर विकास मागे राहू शकतो. तुम्ही शाकाहारी असाल तर वरचं खाणं सुरू व्हायची वाट न बघता तुमची स्वतःची बी-१२ ची तपासणी आत्ताच करून घ्या. आणि कुठल्याही बाळाने शिकलेली गोष्ट सोडून दिली, तर पुढच्या लसीच्या तारखेपर्यंत थांबू नका, त्याच आठवड्यात दाखवा.